मोरीतला वास आणि सुकलेला ट्रॅप

मे महिना गावी काढून परत आलो, कुलूप उघडलं आणि गटाराचा वास भपकन नाकात गेला. आईने दोनदा फिनेल ओतलं. तासाभराने पुन्हा तेच. उंदीर मेला असेल म्हणून माळाही उपसून झाला.

शेवटी मोरीची जाळी काढून मोबाइलच्या टॉर्चने आत पाहिलं. नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा खोलगट भाग, कोरडा ठणठणीत! त्यात साधारण ५० मिलिमीटर पाणी साचलेलं असावं लागतं, तेच ड्रेनेजची हवा अडवतं. उन्हाळ्यात वापर नसला की ते उडून जातं. बादलीभर पाणी ओतलं, बाथरूममधला वास गेला.

स्वयंपाकघरातला मात्र जाईना. सिंकखाली वाकून हुंगलं तेव्हा सापडलं: वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा पाइप जमिनीतल्या पाइपात नुसता खोचलेला, भोवती बोटभर फट. पाइपला यू आकाराचं वळण देऊन तारेने बांधलं, म्हणजे वळणात पाणी राहतं. फटीला रबरी बूच बसवलं. सिमेंट मुद्दाम टाळलं. तुंबलं की पाइप काढावा लागतोच.

आता गावी जाताना मोरीत पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल सोडतो. तवंगामुळे पाणी लवकर उडत नाही.