फसलेल्या रूपांतराची चिकित्सा कशी करावी

आवडत्या कादंबरीवरचा चित्रपट पाहून हिरमुसलेला वाचक बहुधा एकच वाक्य बोलतो: "पुस्तकात असे नव्हते." तक्रार खरी असते, पण चित्रपट का फसला हे तिच्यातून कळत नाही, आणि पुष्कळदा तो फसला आहे हेही सिद्ध होत नाही. हे शोधण्याची सवय लावून घ्यायची असेल, तर 'द स्नोमॅन' हाताशी घ्यावा. नॉर्वेचे लेखक यू नेस्बो (इंग्रजी वाचकांचे 'जो') यांची २००७ सालची ही कादंबरी ऑस्लो पोलिसांतील हॅरी हूले याच्या मालिकेतील सातवी आहे. तिच्यावरचा स्वीडिश दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन यांचा चित्रपट २०१७ मध्ये आला. त्यात मायकेल फासबेंडरच्या हॅरीला सगळे 'होल' म्हणतात, तेही ऑस्लोत. पण ही कुरकुर सध्या बाजूला ठेवू.

चित्रपट पाहिल्यावर पुस्तक न उघडता, त्याच दिवशी, जे जे खटकले ते लिहून काढावे आणि मग त्याची दोन रकान्यांत विभागणी करावी: एकात 'बदल', दुसऱ्यात 'तुटलेला धागा'. पुस्तक १९८० च्या नोव्हेंबरात, गाडीत आईची वाट पाहत बसलेल्या मुलापासून सुरू होते. चित्रपट सुरू होतो तो एका एकाकी घरापासून, आणि तिथून निघालेली गाडी गोठलेल्या तळ्यावर जाते. हा निव्वळ बदल आहे, आणि माझ्या मते चित्रपटातला सर्वांत जमलेला भागही हाच आहे. आर्वे स्टोप पुस्तकात नियतकालिक चालवतो, तर चित्रपटात हिवाळी क्रीडास्पर्धा ऑस्लोत आणण्यासाठी धडपडणारा उद्योगपती होतो. इथवर हाही बदलच. मात्र त्या धडपडीचा खुनांशी नेमका संबंध काय, हे शेवटपर्यंत नीट लागत नाही, म्हणून ही नोंद दुसऱ्या रकान्यात सरकवावी लागते.

खरे काम दुसऱ्या रकान्याचे आहे. गुन्हेकथेत प्रत्येक दुव्याला तीन प्रश्न विचारावेत: तो कुणाला सापडला, कधी सापडला, आणि त्यामुळे तपासाने कोणते वळण घेतले? तिसऱ्याचे उत्तर सापडत नसेल, तर तो दुवा नसून सजावट आहे. या चित्रपटाच्या जाहिरातीत खुनी पोलिसांना सांगतो की मी सगळे दुवे दिले होते. प्रेक्षकाला मात्र ते दिलेले नाहीत, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. शीर्षकातल्या 'स्नोमॅन'चे, म्हणजे बर्फाच्या बाहुल्याचेही हेच झाले आहे. पुस्तकात तो रस्त्याकडे नव्हे, तर घराकडे तोंड करून उभा असतो, आणि पुढे त्याच्या गळ्यात एका बेपत्ता आईचा स्कार्फ सापडतो. रोजच्या पाहण्यातली वस्तू किंचित चुकीच्या दिशेला वळलेली आहे, एवढ्यानेच अंगावर काटा येतो, आणि स्कार्फ दिसताच तपास हलतो. चित्रपटात तोच बाहुला कॅमेऱ्यासमोर इतका ठळकपणे येतो की भीतीऐवजी हसू फुटते.

यानंतर आवाजाकडे लक्ष द्यावे. बर्गनचा पोलीस राफ्टो झालेल्या व्हॅल किल्मरचे प्रसंग पुन्हा लावून फक्त ओठ पाहावेत. शब्द आणि ओठ जुळत नाहीत, कारण आवाज दुसऱ्याचा आहे. घशाच्या कर्करोगाचा त्यांच्या आवाजावर परिणाम झाला होता. त्यामुळे अशा नोंदीपुढे 'अभिनय कच्चा' असा शेरा मारणे अन्यायाचे ठरेल.

निर्मितीची हकीकत मात्र इतके सगळे झाल्यावरच वाचावी. आधी वाचली तर जिथे तिथे भोकेच दिसू लागतात. आल्फ्रेडसन यांनी नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला सांगितले होते की चित्रीकरणाला वेळ अपुरा पडला, पटकथेचा सुमारे १० ते १५ टक्के भाग चित्रितच झाला नाही आणि ही उणीव संकलनाला बसल्यावर ध्यानात आली. आता आपली यादी या खुलाशाशी ताडून पाहावी. 'संकलन वाईट' हा सोपा निकाल इथे टिकत नाही, कारण संकलकांत थेल्मा स्कूनमेकर आणि क्लेअर सिम्प्सन यांच्यासारखी नावाजलेली माणसे होती, आणि जे कॅमेऱ्यात आलेच नाही ते संकलनाच्या टेबलावर कुठून सापडणार? उलट बाहुल्याचे हसू येणे या खुलाशाने सुटत नाही, कारण तो प्रसंग चित्रित झालेला आहे; तो दोष दिग्दर्शनाच्याच खाती मांडावा.

एक पडताळणी उरते, कारण पुस्तक वाचलेल्याचे मन गाळलेल्या जागा नकळत भरत जाते. कादंबरी न वाचलेल्या एखाद्या स्नेह्याला सोबत बसवावे, सुमारे दोन तासांचा चित्रपट निम्म्यावर थांबवावा आणि विचारावे की संशय कुणावर आहे आणि कशावरून. उत्तरात एखादा दुवा आला, तर आपल्या यादीतली ती नोंद खोडावी. "चेहऱ्यावरून वाटते" एवढेच उत्तर आले, तर ती तशीच ठेवून चित्रपट पुढे सुरू करावा.