घराजवळ घुबड दिसलं की लोक काय काय करतात! या चुका टाळा

कोथरूडला टेकडीच्या कडेला राहतो, आणि आजूबाजूच्या चार-पाच सोसायट्यांच्या ग्रुपवर माझा नंबर "पक्षीवाले काका" म्हणून फिरतोय, कोणी टाकला माहीत नाही. फेब्रुवारी-मार्च लागला की फोन सुरू. आणि दरवर्षी चुका त्याच, माणसं फक्त नवीन.

सगळ्यात जास्त फोन पिंगळ्याच्या, म्हणजे छोट्या ठिपकेदार घुबडाच्या, पिल्लाचे. "काका, झाडाखाली पडलं होतं, घरात आणलंय, दूध पाजलंय." अहो कशाला! पिंगळ्याची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच ढोलीतून बाहेर येतात, फांद्यांवर धडपडतात, कधी खाली येतात, आणि आईबाप तिथेच वरच्या फांदीवर बसून तुमच्याकडे बघत असतात. म्हणजे तुम्ही वाचवलं नाही, उचलून नेलं. पिसं आलेली असतील, नजर टवटवीत असेल, उड्या मारत असेल तर मांजर पोचणार नाही अशा जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांब व्हा. लांब म्हणजे खरंच लांब, दहा जणांनी गोल करून मोबाईल धरले तर आई येणार कशी? माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे साफ खोटं आहे. रक्त असेल, पंख लोंबत असेल किंवा मांजर-कुत्र्याने तोंडात धरलं असेल तरच हलवायचं.

आणि दूध नाही म्हणजे नाही. हा उंदीर, पाली, किडे खाणारा पक्षी आहे, दूध त्याला पचत नाही. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जातं. एका ताईंनी दूध-पोळीचा काला प्रेमाने भरवला होता, मी पोचेपर्यंत पिल्लू गेलं होतं आणि ताई रडत होत्या. त्यांना काय बोलणार.

आता डक्टची गोष्ट. एका सोसायटीत ग्रुपवर मेसेज, डक्टमध्ये साप आहे, रात्री आठ वाजले की फुत्कार सुरू होतात. सर्पमित्र दोनदा येऊन गेले, काही सापडलं नाही. वॉचमनने वरून काठी आपटून बघितली, एका आजोबांनी बाथरूमच्या खिडकीतून फिनेल ओतलं. मी म्हणलं आधी आवाज रेकॉर्ड करून पाठवा. ऐकलं आणि हसूच आलं. गव्हाणी घुबडाची पिल्लं होती, बदामासारखा पांढरा चेहरा असतो ते घुबड. भूक लागली की ती अशीच फुसफुसतात, भल्याभल्यांना साप वाटतो. टॉर्च लावून बघितलं तर चार पिल्लं, शिडीच्या पायऱ्यांसारखी लहानमोठी. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून वयात फरक पडतो.

मी सेक्रेटरींना सांगितलं, उडायला साधारण दोन महिने लागतात, तोपर्यंत थांबा. ते म्हणे दोन महिने म्हणजे काय, कबुतरांच्या जाळीवाल्याला ॲडव्हान्स दिलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी जाळी ठोकून मोकळे. रात्री आईबाप उंदीर घेऊन आले आणि जाळीला लटकून किंचाळायला लागले, अख्खी बिल्डिंग जागी. अकरा वाजता मी आणि वॉचमनकाका गच्चीवर, हातात स्वयंपाकघरातली कात्री, जाळी कापतोय. सकाळी सेक्रेटरींनी विचारलं, नुकसानभरपाई कोण देणार? दिले अठराशे रुपये, विषय संपवला.

त्यामुळे माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. जाळी मारायच्या आधी, रंगकाम काढायच्या आधी, फांद्या तोडायच्या आधी संध्याकाळी खुर्ची आणि चहा घेऊन अर्धा तास तिथे बसा. खाली पांढरी विष्ठा आणि केस-हाडांचे सुके गोळे पडलेत का बघा, घुबडं न पचलेलं असं ओकून टाकतात. पण अर्धा तास गप्प बसायला सांगितलं की लोकांच्या जिवावर येतं, त्यापेक्षा जाळी स्वस्त वाटते.

बाकीचं भराभर सांगतो. उंदरांना विष घालू नका, तो उंदीर शेवटी घुबडाच्याच पोटात जातो. संक्रांतीला मांजात अडकलेलं दिसलं तर दोरा ओढायचा नाही, दोन्हीकडून कापायचा आणि पंखातला गुंता तसाच ठेवून पक्षी वनविभागाकडे द्यायचा. दिवसा बाल्कनीत येऊन बसलं तर बहुतेक कावळे मागे लागलेले असतात, पडदा ओढा, रील करू नका, अंधार पडला की जाईल. शतपावली करताना पिंगळा डोक्यावर झेपावला तर जवळ पिल्लं आहेत, आठवडाभर रस्ता बदला, मी तर टोपी घालून जातो. दगड मात्र मारू नका. आमची आजी सांगायची, घुबड दगड झेलतं, पाण्यात नेऊन झिजवतं आणि दगड झिजेल तसा माणूस झिजतो. अंधश्रद्धाच आहे, पण सोसायटीतल्या पोरांना मी अजून खरं सांगितलेलं नाही.

जखमी असेल तर जाड टॉवेल टाकून उचला, पाय आधी धरा. चोचीला सगळे घाबरतात, पण नख्या वाईट, माझ्या अंगठ्यावर खूण आहे. भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, अंधार, शांतता आणि वनविभागाची हेल्पलाइन १९२६. पिंजरा नको, "दोन दिवस ठेवून बघतो" तर अजिबात नको, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पाळणं गुन्हा आहे.

परवा त्याच सेक्रेटरींनी रात्री साडेअकराला ऑडिओ पाठवला, "काका, पुन्हा आलेत वाटतं, जाळीला हात लावलेला नाही." दोनदा ऐकलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लश गळत होता, प्लंबरचा नंबर दिला.