भरल्या छातीला ब्राशिवाय राहायचंय? मग या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल लागला की माझ्याकडं शमीज शिवून घेणाऱ्या वाढतात. भरल्या छातीच्या बायकांचं एकच गाऱ्हाणं असतं: "अक्का, पारा बेचाळीसवर गेलाय, ब्रा अंगावर ठेववत नाही." नका ठेवू की! ब्रा न घातल्यानं काही आजार होत नाही. पण ती दोन कामं करत असते. वजन पेलते आणि छातीखाली कातडीला कातडी चिकटू देत नाही. ती काढली की ही कामं कपड्याकडून करून घ्यावी लागतात. हे कुणी ऐकून घेत नाही, आणि दरवर्षी त्याच चुका माझ्यापुढं येतात.

पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे छातीखालच्या घडीकडं दुर्लक्ष. तिथं घाम साचतो, कातडी घासून लाल होते, मग बुरशी धरते. बायका त्यावर पावडर थापतात. घामात तिचा लगदा होतो आणि तोच घडीत बसून आणखी घासतो.

जुळे सोलापूरच्या एक शिक्षिका आहेत. उन्हाळी सुट्टी लागली तशी त्यांनी ब्रा बंद केली. खाज सुटली, पावडर झाली, मग कुणाला न दाखवता मेडिकलमधून 'सगळ्यावर चालणारं' मलम आणलं. दोन दिवसांत खाज थांबली, बाई खूश. असल्या मलमांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. त्यानं लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र पसरत राहते. मलम थांबवलं की खाज दुप्पट, म्हणून पुन्हा मलम. माप द्यायला आल्या तेव्हा घडीतली कातडी पातळ होऊन चकाकत होती आणि चट्टे पोटावर उतरले होते. मी टेप बाजूला ठेवला आणि त्यांना आधी कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांची शमीज शिवायला गणपती उजाडले. झटपट गुण देणाऱ्या मलमांचा मला राग आहे तो यामुळं.

माझी सवय सांगते. अंघोळीनंतर घडी टिपायची, घासायची नाही. नवा सोलापुरी टॉवेल तिथं खरबरीत लागतो, धुऊन धुऊन मऊ झालेला घ्या. थोडा वेळ पंख्याखाली बसा. मग जुन्या मलमलची पट्टी घडीत ठेवा आणि दुपारी बदला. लाल, ओलसर झालं, वास आला आणि चार-सहा दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर गाठा. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी. गाठ लागली किंवा एकाच बाजूला सूज, लाली आली, तर तो घामोळ्यांचा विषय नाही, लगेच दाखवा.

दुसरी चूक म्हणजे, "आमच्या आज्ज्या कुठं ब्रा घालायच्या?" हा दाखला. आज्ज्या नऊवारीवर खणाची चोळी घालायच्या. ती अंगाबरोबर बेतलेली असायची आणि छातीखाली गाठ मारून घट्ट बसायची. वजन त्या गाठीवर आणि कापडावर तोललं जायचं. ढगळ गाऊन घालून आज्जीचं नाव सांगू नये. मी शमीज दुपदरी शिवते, आत मलमल, छातीला चार टक्स (आकार द्यायला कापडात टाचलेल्या चिमट्या), छातीखाली रुंद सुती पट्टा आणि बाजूला आवळायला बंद. शिवणीची माया बाहेरच्या अंगाला ठेवते, म्हणजे कातडीला लागत नाही. दुकानातली इलास्टिकवाली आवळ शमीज घेऊन मोकळं वाटत नाही म्हणणाऱ्यांना मी काय सांगू?

घाई ही तिसरी. सोमवारी ठरवायचं आणि मंगळवारी दिवसभर ऑफिस, त्यात स्कूटीवर खड्डे. संध्याकाळी पाठ-मान धरली की म्हणायचं, मला जमत नाही. आधी घरी संध्याकाळी राहा, मग कोपऱ्यावरच्या भाजीपुरतं जा, अंगाला कळू दे. स्कूटी, पळणं, गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत तासन्‌तास चालणं, यासाठी ब्रा घातली तर काही बिघडत नाही.

दोन साइज मोठा कुर्ता घेऊ नका, छातीवर तंबू होतो. गडद रंग, बारीक छापा आणि योकखाली, म्हणजे खांद्यालगतच्या पट्टीखाली, चुण्या पुरतात. लाजून खांदे पुढं ओढू नका, त्यानंही पाठ दुखते.

मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्यांवरही विसंबू नका. ब्रा सोडली की छाती आपोआप वर येते, हे फ्रान्सचे संशोधक जाँ-दनी रुईयों यांच्या २०१३ च्या पाहणीवरून सांगतात. ती १८ ते ३५ वयाच्या बायकांची होती, आणि सगळ्यांना ती लागू धरू नका असं त्यांनीच बजावलं होतं. छाती ओघळते ती वय, बाळंतपणं आणि वजनातल्या चढउतारानं. ब्रानं कॅन्सर होतो ही भीतीही सोडा. सिएटलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पाळी गेलेल्या बायकांत ते तपासलं, संबंध सापडला नाही.

शेवटचं माझ्या कामाचं. पॅडेड ब्रा घालून माप देऊ नका. मग टक्सची टोकं वर राहतात, छाती खाली, आणि दोष माझ्या कात्रीला. जे घालून वावरणार, त्यातच माप द्या. मी दार लावून घेते. मलमल आणाल ती आधी धुऊन आणा, आटते.