दिव्यांग पोराला सांभाळायच्या कामाला लागताय? हात जरा आवरा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच बायका विचारतात, अक्का, मतिमंद पोराला सांभाळायचं काम मिळालंय, करू का? करा की. खरं आधी तो शब्द सोडा, पोराला नावानं हाक मारा. आणि सांभाळणं म्हणजे सगळं आपणच करून टाकणं नव्हे, त्याला जे येतं ते त्याला करू द्यायचं, अडतं तेवढ्यालाच हात लावायचा, आणि या कामात हेच सगळ्यात अवघड आहे.

मी ज्याच्याकडं जाते तो १९ वर्षांचा. सकाळच्या गडबडीत आईच शर्ट घालायची. मी काय केलं, वरची सगळी बटणं मी लावायची आणि खालचं शेवटचं अर्धं काजात सरकवून सोडायचं, ते ओढायचं त्यानं. ओढलं की शर्ट पूर्ण, आणि तो त्यानंच पूर्ण केला. ते जमल्यावर ते अख्खं बटण त्याचं, मग खालची दोन, असं खालून वर. तीन महिने गेले. सांगितल्यावर मनात दहा आकडे मोजा, लगेच दुसऱ्यांदा सांगू नका, ऐकलेलं उतरायला त्याला वेळ लागतो आणि आपण मधेच बोललो की परत पहिल्यापासून सुरू.

घरात मराठी, गल्लीत कन्नड, त्यामुळं कोण पाणी म्हणतं कोण नीरू. दोन भाषांनी पोराचं काही बिघडत नाही, खरं नवीन काही शिकवताना घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द धरा. बोलत नसेल तर त्याच्याच तांब्याचा, ताटाचा, चपलांचा फोटो काढून भिंतीला लावा, बोट दाखवू दे.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हातपाय, स्नायू ताब्यात राहत नाहीत, ती असेल तर आडवं ठेवून कधीच भरवू नका. सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, पहिला घास गिळलेला बघूनच दुसरा, जेवल्यावर अर्धा तास बसतंच ठेवा. दर जेवणाला ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगाच.

फिट आली की कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर नकोच. पहिल्या वर्षी मी स्वतः चमचा घातला होता, पोराचा दात तुटला, ते अजून मनातनं जात नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेल, घड्याळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागोमाग आल्या तर १०८.

आंघोळीला दार लावा, "आता पाठीवर पाणी ओतते" असं सांगूनच ओता, आणि मोठ्या मुलाला शक्यतो पुरुषानंच घालावी. तो नको म्हणाला तर थांबायचं. अंगावर वळ, जखम दिसली तर वहीत तारीख घालून लिहा आणि घरी त्याच दिवशी सांगा.

शिवजयंतीचे चित्ररथ, गणपतीचा डीजे, या दिवसांत ऑटिझमची (स्वमग्नतेची) पोरं कान दाबतात, डोकं आपटतात. तो हट्ट नाही, आवाज सोसत नाही. मिरवणूक यायच्या आधीच मागच्या खोलीत न्या, कानाला हेडफोन, दिवा मंद.

कागदांची माहिती ठेवा, आईबाप तुम्हालाच विचारणार. आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना १ लाखापर्यंतची आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग असलेल्यांसाठी. मूल १८ चं झालं की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) कमिटीकडं. फॉर्म कन्नडमधे असला तर घाबरू नका, ग्रामपंचायतीत विकलचेतनांसाठी, म्हणजे दिव्यांगांसाठी, व्हीआरडब्ल्यू (गावचे पुनर्वसन कार्यकर्ते) असतात, त्यांना गाठा.

पगार, वेळ आणि आठवड्याची एक सुट्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्या, आणि सुट्टीला येणाऱ्या माणसाला आधी एक दिवस शेजारी बसवून बटणाचं कसं चाललंय ते दाखवा, नाहीतर तो सगळी बटणं स्वतःच लावून मोकळा होतो.