इंजिनाला साजेसा इनटेक मॅनिफोल्ड कसा निवडावा

इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे हवा प्रत्येक सिलिंडरपर्यंत वाटून नेणारा नळ्यांचा संच. तो निवडताना इंजिन कोणत्या आरपीएमला (मिनिटाला किती आवर्तने) सर्वाधिक चालणार, हे आधी ठरवावे. साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे चढताना प्रत्येक वळणानंतर खालच्या आरपीएमवरून ओढ लागते, ट्रॅकवर मात्र सगळा खेळ वरच्या टप्प्यात चालतो. दोन्हींसाठी एकच मॅनिफोल्ड उत्तम असू शकत नाही. ‘आखूड आणि रुंद बसवा, पिकअप वाढेल’ असा सल्ला देणाऱ्याला कॅमची डिग्री, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो, ते विचारावे; बहुधा बोलणे तिथेच थांबते.

खरी मेख रनरच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, लांबीत आहे, आणि मलाही याच टप्प्याने बराच काळ छळले. इनटेक व्हॉल्व्ह बंद होताच दाबाची लाट उठते आणि व्हॉल्व्हपासून प्लेनमच्या (सगळे रनर जिथून निघतात त्या हवेच्या पेटीच्या) तोंडापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारत राहते. व्हॉल्व्ह पुन्हा उघडताना ती तिथे पोहोचली, तर सिलिंडरमध्ये जादा हवा शिरते. मात्र प्लेनमच्या उघड्या तोंडाशी लाट उलटते, म्हणून फेऱ्या सम संख्येत धराव्यात. समजा व्हॉल्व्ह २४० अंश उघडा राहतो, म्हणजे क्रँकच्या दोन आवर्तनांच्या ७२० अंशांपैकी ४८० अंश बंद. ६००० आरपीएमला हा काळ १३.३ मिलिसेकंद होतो आणि तेवढ्यात सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने लाट ४.६ मीटर अंतर कापते. सहा फेऱ्यांच्या हिशेबाने लांबी ३८ सेंटिमीटर येते, ४५०० आरपीएमसाठी ५१. चार फेऱ्यांची लाट अधिक जोमदार असते, पण ६००० आरपीएमलाच तिला ५७ सेंटिमीटर लागतात आणि बॉनेटखाली तेवढी जागा क्वचितच सापडते.

ही लांबी व्हॉल्व्ह सीटपासून मोजायची, मॅनिफोल्ड हेडला जोडणाऱ्या फ्लॅन्जपासून नव्हे. हेडमधला पोर्ट, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंतची हवेची वाट, त्यातच धरला जातो, आणि विकणारे सांगतात त्या आकड्यात तो नसतो. हेड उतरवलेले असताना तांब्याची मऊ तार पोर्टच्या मधोमध वळवत न्यावी, फ्लॅन्जच्या रेषेवर इन्सुलेशन टेपची खूण करावी आणि तार सरळ करून मोजावी. हिशेबाचा आकडा केवळ सुरुवातीचा असतो. अखेरचा निकाल डायनोवरच, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच, लागतो.

टर्बो असेल, तर लांबीपेक्षा सर्व सिलिंडरांना सारखी हवा मिळते की नाही, हे अधिक महत्त्वाचे. रनरचा व्यास पोर्टपेक्षा फार मोठा घेऊ नये. हवेचा वेग मंदावतो आणि घाटात गाडी मरगळते. प्लेनम सुरुवातीला इंजिनाच्या सीसीइतका धरावा. गॅस्केट पोर्टच्या आत डोकावू देऊ नये. बसवल्यावर हवेची गळती तपासावी आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) मॅपिंग नव्याने करून घ्यावे.