चार रंगहीन द्रावणे एकमेकांच्याच साहाय्याने कशी ओळखावीत

पाण्यासारखी दिसणारी चार द्रावणे, बाटल्यांवर फक्त क, ख, ग, घ ही अक्षरे, आणि माहिती एवढीच की त्यांत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडिअम कार्बोनेट, बेरिअम क्लोराइड व सोडिअम सल्फेट आहे. लिटमस कागद हाती दिला तर आम्ल आणि कार्बोनेट क्षणात ओळखू येतात व निम्मी मौज तिथेच संपते. म्हणून दहावीच्या मुलांकडून हा प्रयोग मी लिटमसशिवाय करून घेतो. कपाटात सापडलेल्या, आत काय आहे याचा पत्ताच नसलेल्या जुन्या बाटलीवर मात्र ही रीत वापरू नये. ती बाटली न उघडता शिक्षकांच्या स्वाधीन करावी.

द्रावणे शिक्षकांनी आधी करून ठेवावीत. आम्ल लिटरला १ मोल या प्रमाणात असावे; इतर तिन्हींसाठी १०० मिलिलिटर द्रावणात निर्जल सोडिअम कार्बोनेट ५.३ ग्रॅम, बेरिअम क्लोराइडचे स्फटिक २.४ ग्रॅम आणि निर्जल सोडिअम सल्फेट १.४ ग्रॅम घ्यावे. कार्बोनेट याहून फार विरल ठेवले, तर निर्माण होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यातच विरघळून राहतो आणि बुडबुडे दिसत नाहीत. बेरिअम क्लोराइड विषारी असल्याने चष्मा लावावा, द्रावण तोंडाने ओढू नये आणि शेवटी हात साबणाने धुवावेत. (क्ष-किरण तपासणीपूर्वी रुग्णाला बेरिअमचेच संयुग पाजतात, पण ते सल्फेट असते आणि ते विरघळत नाही म्हणूनच अपाय करत नाही.)

चार द्रावणांच्या जोड्या सहा होतात. प्रत्येक जोडीसाठी स्वच्छ परीक्षानळी घेऊन तीत दोन्ही द्रावणे १-१ मिलिलिटर घालावीत, नळी हलवावी आणि जे दिसेल ते लगेच वहीत लिहावे. निष्कर्ष मात्र सहाही जोड्या झाल्याशिवाय काढू नये. तीन जोड्यांत काहीच घडत नाही, एकीत फसफसून बुडबुडे येतात आणि दोहोंत पांढरा अवक्षेप, म्हणजे पाण्यात न विरघळणारा घन पदार्थ, तयार होतो. ज्या द्रावणाने दोनदा अवक्षेप दिला ते बेरिअम क्लोराइड. ज्याने एकदा बुडबुडे आणि एकदा अवक्षेप दिला ते सोडिअम कार्बोनेट. ज्याच्या वाट्याला फक्त बुडबुडे आले ते आम्ल, आणि ज्याला फक्त एक अवक्षेप मिळाला ते सोडिअम सल्फेट.

पडताळ्यासाठी दोन्ही अवक्षेपांवर, आता ओळखू आलेले आम्ल २-२ मिलिलिटर हळूहळू घालावे. बेरिअम कार्बोनेट फसफसत विरघळते आणि नळी नितळ होते. बेरिअम सल्फेट जसेच्या तसे राहते.

मुले हमखास चुकतात ती बुडबुड्यांच्या जोडीत. ड्रॉपरने कार्बोनेटमध्ये आम्लाचे थेंब टाकले, तर पहिल्या काही थेंबांना उठलेले बुडबुडे नळी हलवताच विरतात किंवा उठतच नाहीत, कारण आधी सोडिअम बायकार्बोनेट तयार होते आणि वायू मुक्त होतो तो त्यानंतर. पाच थेंब टाकून ‘काही अभिक्रिया नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. त्याचे निरीक्षण खरे असते, घाई तेवढी नडते. म्हणून थेंबांवर न थांबता दोन्ही द्रावणे सारख्या आकारमानाने मिसळावीत.

दुसरा घोटाळा पाण्याचा. बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या नळीत दोन-चार थेंब पाणी उरले, तरी त्यातल्या कॅल्शिअममुळे कार्बोनेट धूसर होते आणि नसलेला अवक्षेप असल्याचा भास होतो. नळ्या शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने खळबळून घ्याव्यात आणि प्रत्येक बाटलीचा ड्रॉपर वेगळा ठेवावा. खरा अवक्षेप दाट, दुधासारखा असतो. नळीमागे छापील कागद धरला तर त्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत.

उरलेले बेरिअमचे द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. सर्व नळ्यांतला ऐवज एका बरणीत जमा करून त्यात सोडिअम सल्फेटचे द्रावण भरपूर घालावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी वरच्या निवळीतले थोडे पाणी वेगळ्या नळीत घेऊन त्यात सल्फेटचे चार थेंब टाकावेत. ते गढूळ झाले नाही, तर बेरिअम पूर्ण खाली बसले असे समजून निवळी ओतून द्यावी आणि तळचा गाळ टाकाऊ रसायनांच्या बरणीत नावाची चिठ्ठी लावून ठेवावा.