गेम खेळताना पीसी बंद पडतो: दोष उष्णतेचा की एसएमपीएसचा?

पीसी नेमका कसा बंद पडतो ते आधी बघा. गेम अडखळू लागला, रंगीत ठिपके उमटले, स्क्रीन काळी होऊन परत आली, तर संशय ग्राफिक्स कार्डवर. दिवा जावा तसा एका क्षणात अंधार झाला किंवा मशीन थेट रिस्टार्ट झालं, तर एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर.

मग विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सिस्टिम लॉग उघडा. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर गप्प झाला आणि विंडोजने तो पुन्हा सुरू केला. कर्नल-पॉवर ४१ बघून मात्र लोक उगाच नवा एसएमपीएस आणतात. मशीन रीतसर शटडाउन झालं नाही, याहून जास्त ती नोंद काही सांगत नाही.

आता तापमान वगैरे आकडे टिपणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिंग सुरू ठेवून गेम चालवा आणि क्रॅशच्या आधीच्या शेवटच्या ओळी वाचा. तापलेलं कार्ड आधी स्वतःचा क्लॉक (वेग) उतरवतं, त्यामुळे ६५ अंशांवर बंद पडलेल्या मशीनचा दोष कोअरच्या (ग्राफिक्स चिपच्या) उष्णतेवर टाकू नका. हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरचा सर्वात तापलेला बिंदू, कोअरपेक्षा १०-१५ अंश जास्त असणं नेहमीचं. फरक ३० च्या घरात असेल तर थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलेली असते किंवा कूलर नीट बसलेला नसतो.

खरी परीक्षा पुढे आहे. बहुतेक जण थेट पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने किती वीज खायची ती मर्यादा, कमी करतात. त्याने उष्णता आणि वीज दोन्ही घटतात, मग दोषी कोण ते कळत नाही. आधी पॉवर लिमिटला हात न लावता आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पंखे १०० टक्के करा, कॅबिनेटची बाजू उघडा आणि तोच गेम चालवा. क्रॅश थांबला तर उष्णता. तापमान उतरूनही थांबला नाही, तर पंखे पूर्ववत करून पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. आता थांबला तर विजेकडे वळा.

तिथे पहिली केबल. कार्ड बसतं तो मदरबोर्डवरचा स्लॉट ७५ वॉट देतो, ८ पिनचा कनेक्टर १५०. कार्डाला असे दोन कनेक्टर लागत असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन स्वतंत्र केबल लावा. छोटा यूपीएस मध्ये असेल तर तो वगळून पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला जोडून बघा. एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन लोडवर ११.४ च्या खाली जायला नको. सॉफ्टवेअरचा आकडा कच्चा धरा, मल्टिमीटरचा पक्का. पण क्षणभराचा झटका मल्टिमीटरलाही दिसत नाही, म्हणून आकडे ठीक असूनही मशीन पडत असेल तर जास्त वॉटचा एसएमपीएस लावून पाहा. जुन्याच्या मॉड्युलर (सुट्या काढता येणाऱ्या) केबल त्याला जोडू नका: पिनांची मांडणी वेगळी असली तर कार्ड जळू शकतं.